येते, तुम्ही व्हा पुढे

‘येते, तुम्ही व्हा पुढे!’ असं म्हणून न येण्यात तिचा हात धरणारं माणूस आमच्या कॉलनीत दुसरं नव्हतं.

म्हणायची पद्धतही ठरलेली. जिन्याच्या वळणावर उभी, एका हातात पेन, दुसऱ्या हाताच्या बोटाला ओढणीचं टोक गुंडाळलेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की बोलावणाऱ्याला वाटावं, ही आपल्याआधी पोचणार. मग बोलावणारा पुढे व्हायचा आणि पुढेच राहायचा. गणपतीची आरती व्हायची, प्रसाद वाटून संपायचा, मंडळाची पोरं स्पीकरची वायर गुंडाळून घरी जायची. वरच्या खोलीतला दिवा आपला जळतोय.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. पण बहुतेक लोक कंटाळ्यापोटी चुकवतात. ही अभ्यासापोटी चुकवायची. त्यामुळे तिला रागवायचीही सोय नव्हती.

तिचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तरी आमच्या गल्लीत कोणाला कळणार नाही. सगळे तिला ‘वरची’ म्हणायचे. दूधवाला विचारायचा, “वरचीचं दूध इथेच ठेवू का?” माझा मेहुणा एकदा पाहुणा आला होता. बायको त्याच्यादेखत म्हणाली, “आज वरचीचं काही खरं दिसत नाही.” तो दचकलाच. म्हणाला, “वरच्याची मर्जी ऐकली होती ताई, वरचीची पहिल्यांदाच ऐकतोय.”

झालं असं की, मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला आणि आमची वरची खोली रिकामी पडली. जळगावात माझं पाइप आणि पंपाचं दुकान. मी दिवसभर तिथे बसून गिऱ्हाइकांना ‘लाइट नाही तर पंप काय करणार’ एवढं एकच तत्त्वज्ञान सांगतो. बायको घरी एकटी. ती म्हणाली, “डोक्यावर पावलं वाजली पाहिजेत हो. नाहीतर घर बहिरं झाल्यासारखं वाटतं.” आम्ही इंजिनिअरिंग कॉलेजच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि पहिल्याच आठवड्यात ती आली. पावलं मात्र वाजली नाहीत. ती मांडी घालून अभ्यासाला बसली की उठतच नसे.

तिला सोडायला तिचे वडील आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले, एसटीत कंडक्टर. खाकी कपड्यांवरच आले. मी म्हटलं, “बसा ना आबा.”

“उभं ऱ्हावानी सवय शे भाऊ,” ते म्हणाले आणि आमच्या दाराची चौकट बसच्या दांड्यासारखी धरून उभे राहिले. चहाही उभ्यानेच प्यायले, एक थेंब न सांडता. निघताना आवाज खाली आणून मला म्हणाले, “पोरगी हुशार शे भाऊ. पन तिनं एक वरीस वाया गयं, ते मी तिले लई जासू. धुयाले बी कॉलेज शे, आनि घरनी भाकर शे.”

धमकी नव्हती ती. भावकीत सगळ्यांनी ‘पोरीला एवढ्या लांब कशाला’ म्हणून वाद घातला होता. त्यांना गप्प बसवायला आबांनी हा ‘परत घेऊन जाईन’चा शब्द देऊन ठेवला होता. शब्द पाळण्यात ते कंडक्टरच होते. घंटी वाजली की गाडी सुटली.

लेकीला जेवणाचा डबा मात्र धुळ्याहून यायचा. आबांचे सोबती जळगावच्या गाडीवर असले की डबा ड्रायव्हरच्या सीटमागे बसून यायचा. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, आणि एवढी शेंगदाण्याची चटणी की आमच्या अर्ध्या गल्लीला पुरावी. डबा आणायला ती बसस्टँडवर जायची. पहिल्या वर्षी तिचं सामाजिक जीवन म्हणाल तर तेवढंच. बसस्टँडवरचे सगळे ड्रायव्हर तिला ओळखत होते, वर्गातलं कोणी नाही.

बायकोने एकदा तिला धरलंच. “येत नाहीस तर ‘येते’ कशाला म्हणतेस गं?”

“आई सांगते काकू, कोनी बलावं ते नही म्हनानं नही. माणसाला वाईट वाटतं.”

“आणि न गेल्यावर वाटत नाही?”

“तेव्हा मी तिथे नसते ना.”

हे तर्कशास्त्र मला इतकं पटलं की मी त्यावर्षी दोन लग्नं चुकवली.

मीही तिला मार्गदर्शन वगैरे करायचो. आमच्या घराण्यात बारावीपुढे कोणी फारसं न गेल्यामुळे शिक्षणावर बोलायचा उत्साह सगळ्यांना भरपूर. मी म्हटलं, “सोपं आहे. आठ तास कॉलेज, आठ तास अभ्यास, आठ तास झोप.”

ती खरंच लिहून घेत होती. “काका, जेवण कशात धरू?”

“कॉलेजात.”

“आणि आंघोळ?”

आतून बायको म्हणाली, “झोपेत धर. तुझे काका तशीच करतात.”

अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिने मोबाइलसुद्धा बायकोच्या स्वाधीन केला होता. बायकोने तो तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला. का, तर ‘डाळीला कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय, फोनलाही लागणार नाही.’ त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात मधूनच डाळ वाजायची. कोणी लक्ष देत नसे.

आणि एवढं सगळं करून पहिल्या वर्षाचा निकाल लागला, तेव्हा गणित राहिलं.

त्यांच्या भाषेत ‘बॅक लागला’. ती जिन्यात बसली होती. रडत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. कॉलेजचे नियम मला नीट कळले नाहीत, पण तिने सांगितलेलं सार असं : हिवाळ्यातल्या परीक्षेत गणित निघालं नाही, तर वर्ष अडकतं. वर्ष अडकलं तर आबांचा शब्द आहेच. फोनवर तिने त्यांना खरं ते सांगितलं. पलीकडे बसचं इंजिन घरघरत होतं. आबा एवढंच म्हणाले, “देखू हिवायाले.”

झालं, त्यानंतर तर ती खोलीबाहेर निघेनाच. दुसऱ्या वर्षाची लेक्चरं करायची आणि थेट वर. वर्गातली काही मुलं-मुली तिला हाक मारायला फाटकाशी यायची. त्यांत जामनेरची हर्षा होती, मोठ्या आवाजाची, आणि तिचंही तेच गणित राहिलेलं. आणि पीयूष होता, इथल्या कापडाच्या पेढीवाल्यांचा मुलगा, शांत, गणितात एकदम पक्का. हर्षा खालून ओरडायची, “अगं, शनिवारी सर जादा तास घेणारेत बॅकवाल्यांचा! येतेस ना?”

“येते, तुम्ही व्हा पुढे!”

आणि ती वर गणितच सोडवत बसायची. जाण्या-येण्यात वेळ कशाला घालवा, हा हिशेब.

थंडी पडली. आमच्याकडे थंडी पडली की माणसं स्वेटर नंतर शोधतात, आधी शेत शोधतात. भरिताच्या पार्टीसाठी. बामणोदकडची हिरवी, पोटुशी वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, बडजीत, म्हणजे होडीसारख्या लाकडी भांड्यात, मुसळाने कुटलेलं भरीत, वर कांद्याची पात, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. ज्या घरात पार्टी झाली नाही त्या घरात त्या वर्षी काहीतरी दुखणं-खुपणं असणार, असं लोक धरून चालतात.

वर्गाने रविवारी पार्टी ठरवली. आसोद्याच्या रस्त्याला हर्षाच्या मामाचं शेत. परीक्षेआधी एक दुपार मोकळी, सूर्य मावळायच्या आत घरी. व्यवस्था सगळी पीयूषकडे. आता पीयूष जैन घरातला. तो वांगं खात नाही, कांदा-लसूण खात नाही, आणि सूर्य मावळल्यावर तर काहीच खात नाही. पण गेल्या थंडीतही पार्टीचा कारभारी तोच होता. हर्षाचं म्हणणं, “तो खात नाही ना, म्हणून वाटप बरोबर होतं.”

भरीत कुटणार कोण, असा प्रश्न वर्गात निघाला, तेव्हा म्हणे आमच्या वरचीच्या तोंडून निघून गेलं, “त्यात काय, मला येतं. आमच्याकडे मीच करते.” सगळे तिच्याकडे वळले. “मग येशील?”

तिने तिचं नेहमीचं उत्तर दिलं. वर्ग बिचारा मराठी समजणारा. त्यांनी ते खरं धरलं, आणि तिच्या भरवशावर आचारी सांगितला नाही.

त्या रविवारी बायको भिशीला गेली होती. दुकान बंद, मी घरी पेपर वाचत पडलो होतो. स्वयंपाकघरातून घूं घूं आवाज यायला लागला. मला वाटलं फ्रिज. पंपवाला माणूस, यंत्राचा आवाज ऐकून स्वस्थ बसवेना. उठलो, फ्रिजच्या पाठीत एक धपाटा घातला. आवाज थांबला. मी स्वतःवर खूश होऊन परत आडवा झालो. परत घूं घूं. परत धपाटा. असं चार-पाच वेळा झालं. डाळ वाजतेय, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

ऊन कलायच्या सुमाराला फाटकाशी दुचाक्या थांबल्या. सहा-सात जणं. केसांत काडीकचरा, तोंडं काळी, आणि हर्षाच्या हातात झाकलेलं घमेलं.

“काका, ती आहे का वर?”

“आहे की.”

“केव्हाचे फोन करतोय आम्ही! उचलत का नाही?”

मी फ्रिजकडे पाहिलं. मग डाळीच्या डब्याकडे. मग पायांकडे.

तेवढ्यात गलका ऐकून ती जिन्याच्या वळणावर आली. हातात पेन, बोटाला ओढणी. आणि सवयीने म्हणाली, “येते, तुम्ही व्हा पु…”

“आता पुढे कुठे?” हर्षा म्हणाली. “पुढे काकांची भिंत आहे.”

कोणी हसलं नाही. हर्षा खरंच दुखावली होती. “तू म्हणालीस येते. आम्ही जाळ करून वाट बघतोय, दर दुचाकीला म्हणतोय, ही आली, ही आली. एक तर ‘नाही’ म्हणायचं होतंस. आचारी तरी सांगितला असता.” आणि तिने घमेल्यावरचं झाकण काढलं.

आत वांगी होती. म्हणजे एके काळी होती. भाजण्याआधी टोचली नव्हती, म्हणून निम्मी फुटलेली. काही बाहेरून कोळसा, आतून कच्ची. आणि साल लवकर निघावी म्हणून या हुशार मंडळींनी ती गरम गरम उचलून पाण्याच्या बादलीत बुडवली होती.

वरची दोन पायऱ्या उतरली. घमेल्यात पाहिलं. आणि कॉलेजात बातम्या देणाऱ्या बाईसारखं जपून बोलणारी ती मुलगी एकदम ओरडली, “अरे देवा! ह्या वांगास्ना काय हाल करी टाकात रे तुम्ही!”

तिच्या लक्षात आलं आणि ती लाल झाली. दीड वर्षात वर्गाने तिच्या तोंडून अहिराणी कधी ऐकली नव्हती. तिने ऐकूच दिली नव्हती.

पीयूष पुढे झाला. पेढीवर दिवसभर खेड्यापाड्याची गिऱ्हाइकं, त्याच्या कानाला ही बोली घरच्यासारखी. अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, “आते काय करानं, ते सांग.”

मग मात्र सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हर्षा. आणि तीही, ओढणीत तोंड लपवून.

पुढचा तास माझ्या गच्चीवर जे झालं त्याला मी घरमालक म्हणून परवानगी दिली होती की नाही, आठवत नाही. कोणी विचारल्याचंही आठवत नाही. तीन विटा मांडल्या. नारळाच्या करवंट्या पेटवल्या. कच्ची वांगी परत भाजायला लागली. तिने ओढणी कमरेला खोचली आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. “मिरच्या इकडे. लसूण सोल. अरे, पाणी नको, पाण्याला हातच लावू नको तू!” बडजी आमच्याकडे नव्हती, तिचं मुसळही नव्हतं; कुटायचं घमेल्यातच ठरलं. मी दुकानातला नवा कोरा पाइपाचा तुकडा देऊ केला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो गुपचूप पाठीमागे धरला. शेवटी कपडे धुवायची लाकडी मोगरी घेतली. आधी स्वच्छ धुतली होती. मोगरी धुवायची कशाने, यावर थोडी चर्चा झाली, एवढंच.

जाळ नीट लागेना. हर्षा वरचीच्या खोलीत गेली आणि वारा घालायला हाताला येईल ते पुस्तक घेऊन आली. दोन-चार झटके दिले आणि थांबली. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

“हे काय वाचतेस तू?”

“गणित. बॅकचं. यंदा पुस्तक बदललं म्हणून नवं घेतलं.”

“अगं, हे नव्या पॅटर्नचं पुस्तक आहे. बॅकवाल्यांचा पेपर जुन्या पॅटर्नचा निघणारे! सरांनी शनिवारी सांगितलं ना, जादा तासाला. ग्रुपवर पण टाकलं.” मग तिला आठवलं. “तू ‘येते’ म्हणाली होतीस.”

आणि ग्रुप डाळीत होता.

मोगरी थांबली. परीक्षा तोंडावर आलेली. जेमतेम दहा दिवस होते मध्ये. इतक्या महिन्यांचं ते मांडी घालून बसणं, चुकवलेल्या आरत्या, न पाहिलेले गरबे, सगळं भलत्याच पुस्तकावर गेलं होतं. ती विटांपाशी बसली आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, “आबा लई जातील.”

हर्षाचा राग कुठे गेला कोण जाणे. तिने पुस्तक बाजूला टाकलं आणि मोगरी स्वतःच्या हातात घेतली. “कुठे नेतात? मी पण त्याच पेपरला आहे. मलाही नेऊ देत म्हणावं.”

पीयूषने घड्याळ नाही, आभाळ पाहिलं. सूर्य विजेच्या तारांच्या खाली आला होता. त्याने डबा उघडला, घाईने खाकरा आणि दही खायला घेतलं, आणि तोंडातला घास संपवून म्हणाला, “जुन्या पॅटर्नचं मी शिकवतो. उद्यापासून इथेच. पण आधी जेवा. मोगरीने कुटलेलं भरीत परत मिळणार नाही.”

सगळे गोल बसले. तोही त्या गोलात, आपला डबा घेऊन. वरचीने त्याला विचारलं, “तू वांगं खात नाहीस, मग एवढी धावपळ कशाला करतोस?”

“वांगं खात नाही,” तो म्हणाला. “पार्टी खातो.”

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मला तेव्हा वाटलं, आता हे काहीतरी प्रेमाबिमाचं दिसतंय. मी बायकोला तसं सांगितलंही. माझे अंदाज असे असतात. ती वेगळंच काहीतरी पाहत होती.

तेवढ्यात बायको भिशीहून आली, आणि तिने आपली मोगरी पाहिली. त्यावेळचं तिचं बोलणं लिहिण्याजोगं नाही. पण पहिला घास घेतल्यावर ती म्हणाली, “मीठ कमी आहे,” आणि पान ओढून बसली. म्हणजे माफ केलं.

पुढचे दिवस गच्चीचा फळा झाला. खाली फरशीवर खडूने लांबच लांब गणितं. एका बाजूला बायकोची बोरं वाळत घातलेली. बोरं आणि गणितं यांच्यात हद्दीवरून रोज भांडण. एका सकाळी बायकोने सवयीने गच्ची झाडली आणि एक अख्खी सिद्धता सुपलीत भरून टाकून दिली. वरून तिघांची किंकाळी. मग तीच परत लिहिली, न पाहता. पीयूष म्हणाला, “काकू, रोज झाडत जा. पाठ होतंय.”

पेपर झाला. निकालाच्या दिवशी ती फोन हातात घ्यायला तयार नव्हती. तिने स्वतःच तो डाळीच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि आम्ही तिघं डब्यासमोर बसलो, देव्हाऱ्यासमोर बसावं तसे. डाळ वाजली. बायकोने कोपरापर्यंत हात घातला, फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचलं, “हर्षाचं आहे. लिहिलंय, दोघींचं निघालं.” मग म्हणाली, “काय निघालं गं?” आणि तिच्या लक्षात यायच्या आत पोरीने तिला मिठी मारली होती. घरभर डाळ.

आबा दुसऱ्या दिवशी आले. गाडी स्टँडवर लावून, खाकी कपड्यांत. मी सवयीने म्हटलं, “बसा आबा.” त्यांनी चौकटीला हात लावला. मग तो काढला. पुढे आले आणि खुर्चीवर बसले. चहा प्यायले, आणि यावेळी बशीत थोडा सांडला.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण माणसं गोष्टीसारखी वेळेवर थांबत नाहीत.

त्यानंतर ती ‘येते’ म्हणायची आणि खरंच जायची. सगळीकडे. वाढदिवस, गॅदरिंग, गरबा, भडगावला हर्षाच्या कोणत्या तरी आतेबहिणीची हळद. कॉलेजातल्या एका सरांच्या वास्तुशांतीला ही एकटी विद्यार्थिनी जाऊन आली. सरही गोंधळले असणार. पुढच्या थंडीत तिने आबांकरवी गावची बडजी मागवली. ती धुळ्याच्या गाडीत सीटवर बसून आली, तिकीट काढलं की नाही विचारू नका. आमची गच्ची वर्गाची झाली. बायको म्हणायची, “डोक्यावर पावलं हवी होती मला. वरात नव्हती मागितली.”

व्हायचं तेच झालं. जर्नलं राहिली, सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. ती परत जिन्यात येऊन बसली. म्हणाली, “काका, ‘नाही’ कसं म्हणायचं?”

मला कसं माहीत असणार? सत्यनारायणाचं बोलावणं आलं की मी शत्रूच्या घरीही जातो. म्हटलं, “तुझ्या काकूला विचार. मला रोज म्हणते.”

ती हसली नाही. ओढणीचं टोक सोडवत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “पीयूषला येतं. तो खात नाही, तरी बसतो.”

दोन दिवसांनी फाटकाशी हाक आली. मी कान देऊन होतो. जिन्याच्या वळणावरून आवाज आला, थोडा कापरा, पण स्पष्ट. “आज नाही जमणार. जर्नल आहे. रविवारी येते.”

खालून हर्षाचा आवाज, “बरं!” एवढंच. कोणाला वाईट वाटलं नाही, आभाळ कोसळलं नाही. समोरच्या वहिनी मात्र दोन दिवस म्हणत होत्या, “वरची शिष्ट झाली हो.” आणि रविवारी ती गेली. वेळेच्या आधी. जाताना एका हातात पुस्तक होतं, हे सांगायला हवं. वारा घालायला नाही, वाचायला.

मग उरलेली वर्षं ती तशीच चालली. कधी पुस्तक जड व्हायचं, कधी मैत्रिणी. सायकल शिकणारं माणूस जसं एकदा इकडे कलतं, एकदा तिकडे, आणि तेवढ्यात पुढे गेलेलं असतं.

शेवटचा पेपर झाल्यावर साक्रीकडे सोलरच्या प्रकल्पावर तिला नोकरी लागली. घराच्या जवळ, स्वतःच्या पायांवर. आबा न्यायला आले. आता त्यांना तिला खरंच ‘लई जायचं’ होतं आणि ते फाटकात उभे राहून नुसते हसत होते. ती जिना उतरून आली. वाकून नमस्कार केला. “येते हं काका. येते काकू.” ‘तुम्ही व्हा पुढे’ नव्हतं त्यात.

बायकोचे डोळे भरलेले, पण जीभ शाबूत. “जाते म्हणायचं नसतं म्हणून म्हणतेस, की खरंच येशील?”

“बडजी ठेवून चालले आहे ना,” ती म्हणाली.

तेव्हापासून बडजी गच्चीवर पालथी आहे. पावसाळ्यात आम्ही ती आत घेतो, थंडी लागली की बाहेर काढतो. वरच्या खोलीत दुसरी कोणी ठेवली नाही. बायको म्हणते, बघू.

परवा डाळीच्या डब्याशेजारी ठेवलेला माझा फोन वाजला. “काका, रविवारी सुट्टी आहे. हर्षा, पीयूष, बठ्ठा वर्ग येईल. वांगी आणून ठेवा. येते.”

आज रविवार. दुपारपासून तयारी चालली आहे. वांगी मी स्वतः निवडून आणली, काड्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने बैलगाडीने पाठवल्या. ऊन कलायला लागलं तशी बायको जिन्यात येऊन उभी राहिली.

“फोन करून बघता का? निघाली तरी का?”

“नको.”

“आणि आपण भाजून ठेवली, ती आलीच नाही तर?”

“‘येते’ म्हणालीय.”

“ती तर पहिल्यापासून म्हणतेय.”

मी सरळ कामाला लागलो. बडजी उताणी केली, पुसली. सगळी वांगी सुरीने नीट टोचून घेतली, तेवढं आम्ही शिकलो आहोत. आणि काड्या पेटवल्या.

जाळ धरला तेव्हा सहज खाली पाहिलं. अजून पुरता उजेड होता, तरी जिन्याच्या वळणावरचा दिवा बायकोने लावून ठेवला होता.